शेवटच्या नावाची साक्ष

हसा लेको, हसा. बत्तीस वर्षं या इतिहास विभागात शिपाई आहे मी, आणि तित्झियानो झोर्झान माझ्या डोळ्यांसमोर शिकला. थापा मारायची मला काही हौस नाही.

अकरा फेब्रुवारी, मंगळवार. तित्झियानो मध्ययुगीन इतिहासाची तोंडी द्यायला आला. एवढा एकच विषय उरलेला. बाप रोव्हिगोच्या इस्पितळात, अगदी आज-उद्याचा सोबती. "तू पास झालास हे ऐकलं की सुखानं डोळे मिटतो," असं त्यानं पोराला सांगितलेलं.

आता तोंडी असते आडनावाच्या क्रमानं, त्यामुळे झेडवाले नेहमी शेवटी. आणि समोर निदान एक तिऱ्हाईत बसलेला हवा, नाहीतर परीक्षाच होत नाही. संध्याकाळी साडेसातला वर्गात उरले दोघंच, तो आणि परीक्षा घेणाऱ्या क्रिव्हेल्लारोबाई.

"साक्षीला कोण आहे?"

"सगळे गेले, बाई."

"मग जूनमध्ये ये."

"जूनपर्यंत माझे बाबा नाही हो राहायचे!"

"नियम काय मी केलाय? पाच मिनिटं देते. आण कुणालातरी धरून."

मी खाली कुलपं लावत होतो. मला हाक मारली असती तर! पण पोरगा गेला उलट्या दिशेला. तिकडे व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर एक मुलगी बसली होती. कोट ओलाचिंब. बाहेर पावसाचा थेंब नव्हता.

"मी बसते," ती म्हणाली. "पण मग माझ्या वेळी तू बसायचं. मीही झेडच. माझ्यासाठी कधी कोणी थांबलंच नाही."

"बसतो गं बाई, शप्पथ!"

ती मागच्या रांगेत बसली. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. पुन्हा मान वर केली नाही. प्रश्नही खाली बघूनच विचारले. तिसांपैकी अठ्ठावीस गुण दिले नि सही करून त्या मागच्या दारानं निघूनच गेल्या.

आठ बाराची गाडी. तित्झियानो दप्तर उचलून धावला.

"आता माझी पाळी..."

"उद्या! नक्की उद्या!"

मागे फक्त... टप... टप...

गाडीत त्याला स्वतःचीच लाज वाटली. नऊला दहा कमी असताना वॉर्डात पोचला. खाटेवर पांढरी चादर. तोंडावरून ओढलेली.

"सव्वाआठला गेले," नर्स म्हणाली. "पण एकटे नव्हते हो. तुझी मैत्रीण होती ना, हात धरून. अठ्ठावीस मिळाले म्हणून सांगितलं तिनं. केवढे हसले! मग म्हणाली, मी बसते शेवटपर्यंत."

"कोण मैत्रीण?"

"ती... ओल्या कोटातली."

खाटेशेजारी खुर्ची. खुर्चीखाली पाणी. वर विद्यापीठाची गुणांची हिरवी पुस्तिका, कागदी. तसल्या पुस्तिका बंद होऊन वर्षं लोटली. आडनाव झुलियान. सगळ्या विषयांत पास. शेवटचं पान मध्ययुगीन इतिहासाचं... कोरं. पोरगा तिथंच खाली बसून ढसाढसा रडला.

आता दर अकरा फेब्रुवारीला येतो, त्या वर्गात एकटा बसतो. "मी आलोय गं," म्हणतो. कोणी येत नाही.

पुस्तिका त्यानं माझ्यापाशी ठेवायला दिलीय. ही काय, तीन वर्षं या हीटरवर ठेवलीय. सगळी पानं वाळून कडक झालीत.

शेवटच्या पानाला हात लाव. लाव की... ओलं आहे ना?