हळदीचा दुसरा मान

"आत्या, आज तोंड उघडू नकोस! गावातलं गाणंबिणं इथं चालायचं नाही. स्मिताकडची माणसं शिकलेली आहेत..."

वाशीच्या हॉलच्या जिन्यात रोहिदास दातओठ खात बोलला आणि गंगू पायरीवरच थबकली! अवघ्या घणसोलीची लग्नं जिच्या धवल्यांनी, तिनं गायलेल्या लग्नगीतांनी लागली, ती धवलारीण आपल्याच भाच्याच्या लग्नात मुकी! आई बाळंतपणात गेलेल्या या पोराला तिनं, विधवा आत्यानं, कडेवर घेऊन दारोदार धवले गायले होते, त्यावर मिळालेल्या तांदळात त्याला वाढवलं होतं... आणि सरकारी खुर्ची मिळताच त्याला तिच्या आवाजाची लाज वाटू लागली होती.

"नाय उघडत," ती म्हणाली.

हळदीचा पाट मांडला. गावच्या बायका भोवती बसल्या त्या बसल्याच. वाटीला कुणी हात लावेना. धवल्यावाचून हळद लागते कुठे? मुलीचे वडील नंदकुमार घड्याळ बघत खेकसले, "अहो, लावा ना हळद! मासळीबाजार आहे का हा?"

"गंगूबाय गायल तवाच लागल," शेजारीण दमयंती फणकारली. "नायतर आमी चाललो घरा!"

"आत्या, तूच फितवलंस यांना!" रोहिदास सगळ्यांदेखत ओरडला.

गंगूनं एकदा पोराकडे, एकदा बायकांकडे पाहिलं... गायलं तर पोराची मान खाली, न गायलं तर वऱ्हाड उठून जाणार! शेवटी गळ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बायांनो, माजा गला बसलाय गो... माज्या पोराची हलद आडवू नका!"

आवाज मात्र खणखणीत होता. खोटं बोलायची सवय नव्हती बिचारीला.

"चला, देव पावला!" नंदकुमार फिसकन हसले.

ते हसू रोहिदासला झोंबलं. याच गळ्यानं आपल्याला निजवलं, याच गळ्यानं पोसलं... आणि आज आपणच तो दाबला! पाटावर बसल्या बसल्या, ऑफिसच्या मित्रांसमोर, त्यानं भसाड्या आवाजात सुरुवात केली, "पयली हलद गावदेवीला गो... दुसरी हलद..."

आणि तो अडला. दुसरा मान नवऱ्याच्या आईचा.

"ही थेरं करायची असतील तर हे लग्न..." नंदकुमार गरजले.

"मोडा मग!" रोहिदास उठला. वाटीत बोटं बुडवून तो गंगूच्या पायांशी वाकला. ती दचकून मागे सरली, "अरं नको! मी बिनकुंकवाची... मना हलद चालत नाय!"

"दुसरी हलद आयेला," तो हुंदके देत म्हणाला आणि त्यानं तिचे दोन्ही पाय पिवळे केले.

नंदकुमार पाय आपटत बाहेर गेले. नवरी स्मिता मात्र आपल्या पाटावरून उठली आणि मुकाट्यानं गावच्या बायकांत येऊन बसली.

गंगूनं पदरानं डोळे पुसले, भाच्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "सूर चुकला तुजा, मेल्या!" असं म्हणून तिनं धवला पहिल्यापासून उचलला.