सातवा हजर

राउटरचं सेटिंगचं पान उघडायचं म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. आकड्यांचा तो पत्ता, वर ब्राउझरची लाल धमकी की ही जागा सुरक्षित नाही. बावीस वर्षं मी हेच काम करते, म्हणून सांगते, त्यात भिण्यासारखं काडीचंही काही नाही. आईच्या राउटरला मी 'शाळा' असं नाव दिलं आणि ही जागा खात्रीची आहे असं माझ्या सहीचं प्रमाणपत्र तिच्या टॅबमध्ये बसवलं. आता 'शाळा' लिहिलं की पान उघडतं, तेही 'सुरक्षित' सांगणाऱ्या कुलपाच्या खुणेसकट. चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी बाई, पण नेट अडलं तर कुणाचं तोंड बघत नाही. "माझ्या लेकीनं करून दिलंय!" असं शेजारणींना सांगत सुटली होती. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू?

आई चाळीस वर्षं शिक्षिका होती. त्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते, तर ही रोज सकाळी दहाला त्यांची हजेरी घ्यायची. नावंही तिनंच ठेवली. टीव्ही 'बडबड्या', प्रिंटर 'ढ'. एकूण सहा.

सोमवारी फोनवर म्हणाली, "आज सात हजर आहेत गं."

"शेजारचं कुणी घुसलं असेल." मी माझ्या ऑफिसातून पासवर्ड बदलला आणि नवा आईकडून सहाही यंत्रांत घालून घेतला.

मंगळवारीही सातच. सातव्याला नाव नव्हतं आणि पत्ताही नव्हता. पत्त्याशिवाय यंत्र यादीत येतच नाही, हे मी झोपेतही सांगेन. सिग्नल मात्र तासातासाला वाढत होता, म्हणजे ते जवळ येत होतं. बुधवारी मी त्याला बंदी घातली.

"हाकललंस होय त्याला?" आईचा लगेच फोन. "उशिरा आलेल्या पोराला मी कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही."

"आई, ते पोर नाहीये."

"मग काय आहे?"

मला सांगता येईना. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. आई त्या घरात एकटी होती आणि मला भीती वाटत होती.

गुरुवारी रजा टाकून दुपारी तिच्याकडे गेले. खोलीत लख्ख ऊन होतं. आई सोफ्यावर टॅब घेऊन बसली होती. मी वाद घातला नाही. राउटर भिंतीवरून उतरवला, वायर उपटली, मांडीवर घेतला. त्याचे दिवे विझले.

"आता उघड बघू."

तिनं 'शाळा' लिहिलं. पान उघडलं, कुलपासकट.

टॅबच्या आठवणीत आधीचंच पान राहिलं असेल. मी टॅब बंद करून पुन्हा सुरू करायला लावला.

उघडलं.

"बघ, किती सोपं करून ठेवलंयस," आई कौतुकानं म्हणाली. "बाकी सगळे गैरहजर. हा एकटाच बाहेर थांबलाय. खाली विचारतंय, आत घ्यायचं का?"

असं विचारणारं बटण त्या पानावर नाही. ते पान मला पाठ आहे.

"आई, हात लावू नकोस!"

मी उठेपर्यंत तिनं बोट टेकवलं होतं.

"झालं! तुझी मदतसुद्धा लागली नाही."

मग आई सोफ्यावर जरा सरकून बसली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

तिच्या शेजारची गादी हळूच दबली.