एकविसावी तार

सरकून बसा. ती ट्यूब बंद करा, किडं येत्यात. आणि मोबाईल खिशात घाला, ही गोष्ट त्याच्याच भावकीतली आहे.

गोष्ट गडमुडशिंगीच्या बुद्धभूषणची. खोटी वाटली तर उद्या सकाळी जाऊन विचारा त्याला. चहा पाजेल, उत्तर मात्र देणार नाही.

साल दोन हजार सहा. नोव्हेंबरची वीस तारीख, सोमवार, कार्तिकातली अमावस्या. भूषण तेव्हा सव्वीसचा, बिघडलेले कॉम्प्युटर नीट करायचा धंदा. गडी हुशार, पण स्क्रू ड्रायव्हर कानावर अडकवायचा आणि मग घरभर शोधत हिंडायचा.

दुपारी हातकणंगल्यातनं आकारामचा फोन आला. आकाराम म्हणजे तिथल्या कॉम्प्युटर क्लासचा मालक.

"भूषण, वाटोळं झालं लेका. कुणीतरी पेन ड्राइव्हमधनं गाणी आणली आणि विसाच्या वीस कॉम्प्युटर बसल्यात. चालूच व्हईनात."

"परीक्षा कधी हाय?"

"उद्या. नऊला साहेब येणार. कॉम्प्युटर दिसले न्हाईत तर सेंटर रद्द. साठ पोरं परत तीन महिन्यांनी."

त्या साठांत एक साक्षी होती, भूषणची धाकटी बहीण. नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लागत होतं आणि अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत. तीन महिन्यांनी पास होऊन काय करणार, फ्रेम करून भिंतीला लावणार?

भूषण संध्याकाळी मोटरसायकलवरनं निघाला. नऊला क्लासवर पोचला. आकारामनं किल्ली दिली, भडंगाची पुडी दिली, "अमावस्या हाय, मला थांबवंना झालंय," म्हणाला आणि गेला. पहाटे पाचला लोडशेडिंग. त्याच्या आत सगळं उरकायचं.

क्लास पहिल्या मजल्यावर. एक लांब हॉल, त्यात वीस कॉम्प्युटर. मागं काचेची केबिन. ती अमरसिंह सरांची. सर तिथं शिकवायचे, भूषणही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. श्रावणात शिरोलीजवळ मोटरसायकल घसरली आणि सर गेले. केबिनीला तेव्हापासून कुलूप. सरांचा कॉम्प्युटर घरच्यांनी नेला.

हॉलमधल्या सगळ्या तारा सरांनीच ओढलेल्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप, त्यावर निळ्या शाईत नंबर. एक ते वीस पोरांचे, एकवीस सरांचा, त्याच्या पुढं नंबरच नव्हता. नंबर मराठीतच काढायचे. भूषणला सांगायचे, "तारेवर नंबर न्हाय म्हणजे तिच्या टोकाला माणूस न्हाय."

आता कॉम्प्युटर मेला की त्याच्यात ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं घालावी लागते. ती असते सीडीवर. पण आकाराम मालक असा चिकट, की पैसे वाचवायला त्यानं सीडी घालायची जागाच नसलेले कॉम्प्युटर आणलेले. मग एकच उपाय. एक कॉम्प्युटर सर्व्हर करायचा, आणि तारेतनं सगळ्या विसांना एकदम माल पाठवायचा. पंगतीला वाढल्यागत.

भूषण सोबत आणलेला लॅपटॉप सर्व्हर म्हणून मांडत बसला. साडेबाराला साक्षीचा फोन.

"दादा, व्हतंय का?"

"व्हतंय की. तू झोप."

"झोप कुठली याची. काय करतोयस सांग."

"हे बघ, मेलेला कॉम्प्युटर चालू केला की तो तारेत हाक मारतो, कुणी हाय का म्हणून. माझा सर्व्हर ओ देतो. नंबर देतो, मग माल देतो."

"कुणाच्या पण हाकेला?"

"कुणाच्या पण. खरं तर प्रत्येकाची वळख आधी लिहून ठेवायची असत्या, बारा-बारा अक्षरांची. वीस जणांची कोण लिहीत बसणार आता?"

"पहिल्याच हाकेला ओ देतोय? आज अमावस्या हाय दादा. आजी काय म्हणायची? रातच्याला तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाय. माणूस तीनदा हाक मारतंय. ते दुसरं... एकदाच मारतंय."

"आजी टीव्हीच्या पाठीमागं माणसं बसल्यात म्हणायची. झोप."

एकला त्यानं विसांची बटणं दाबली. पडद्यावर एकेक हाक येऊ लागली. एक, दोन, तीन... सर्व्हर नंबर देत गेला, आकडे चढू लागले. दहा टक्के. वीस टक्के. भूषणनं भडंगाची पुडी सोडली, पाय खुर्चीवर घेतले. आपल्याला एवढं जमलं असतं तर आपण कॉलर ताठ करून बसलो असतो. तोही बसला.

दोन वाजता सगळ्यांचा वेग मंदावला. बासष्ट टक्क्यांवर सगळे थांबले.

त्यानं पडद्यावरची यादी मोजली.

एकवीस.

परत मोजली, बोट लावून. एकवीस. वरच्या विसांवर बासष्ट. तळाच्या एकाचा आकडा मात्र भराभरा पुढं पळत होता. सत्तर. एकाहत्तर. सगळा माल तिकडं चाललेला.

भिंतीवर सगळ्या तारा एकत्र येतात तो डबा होता. प्रत्येक तारेपाशी एक हिरवा दिवा. पोरांचे वीस दिवे नुसते पेटलेले. सर्व्हरच्या दिव्याशिवाय आणखी एक लुकलुकत होता. पिवळी टेप, निळी शाई. २१.

सरांचा कॉम्प्युटर कुणीतरी परत आणून ठेवला असेल. दुसरं काय असणार?

टॉर्च घेऊन तो मागं गेला. कुलूप जागच्या जागी. काचेवर टॉर्च टेकवला. रिकामं टेबल. त्यावर चार महिन्यांची धूळ. टेबलाच्या कडेवरनं तारेचं टोक खाली लोंबत होतं.

मोकळंच. कशालाच जोडलेलं न्हाय.

भूषण मागं फिरला. पळाला न्हाय, पण चाललाही न्हाय. पडद्यावर एक्याण्णव. बाकीचे वीस तसेच. पाचला लाईट जाणार. साक्षी घरात जागी.

त्यानं पक्कड उचलली. मनात म्हणाला, सर, माफ करा. डब्यातली एकविसावी तार ओढून काढली आणि तिचा प्लग टेपसकट कापला. कट्. तुकडा शर्टाच्या खिशात टाकला.

हिरवा दिवा विझला.

पंख्यांचा आवाज... विसांच्या आतले बारके पंखे. बाकी काही न्हाय.

मग केबिनीतनं...

"भूषण."

मोठ्यानं न्हाय. मागल्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला उठवावं, तसं.

एकदाच.

आणि हा शहाणा, चार वर्षं त्या आवाजाला उभं राहायची सवय लागलेला... तोंडातनं निघून गेलं.

"ओ, सर."

...

दुसरी हाक आली न्हाय.

जिना कसा उतरला त्याला आठवत न्हाय. चप्पल वरच. स्टेशनाच्या फलाटावर एका झोपलेल्या हमालाच्या पायाशी जाऊन बसला, उजाडेपर्यंत. हमाल मधेच जागा झाला, म्हणाला, "पावणं, गाडी सहाला हाय." भूषण म्हणाला, "व्हय." गाडी आली, गेली. भूषण तिथंच.

आठला लाईट आली तसा आकाराम आणि साक्षी त्याला स्टेशनावरनं ओढतच वर घेऊन गेले. साक्षीनं भीत भीत पहिलं बटण दाबलं. चालू. दुसरं चालू. विसाच्या वीस चालू, नवे कोरे. आता तार कापल्यावर वाट मोकळी झाली आणि उरलेला माल आपोआप गेला, असं कुणीही सांगेल. भूषणही तसंच सांगतो. नऊला साहेब आले, परीक्षा झाली, साक्षी पास झाली. आज जिल्हा परिषदेत आहे.

आकाराम भूषणच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भले भावा. आणि ती तार पण नीट करून टाकलीस व्हय."

"कुठली तार?"

आकारामनं डब्याकडं बोट केलं.

कापलेल्या तारेला नवा प्लग होता. डब्यात नीट बसवलेला. खाली पिवळी टेप, कडा दुमडून, सर दुमडायचे तशी.

भूषणनं खिसा चाचपला. तुकडा खिशातच होता, त्यावर २१.

मग त्यानं डब्यातल्या टेपेवर बोट ठेवलं. निळी शाई बोटाला लागली. अजून ओली होती.

त्या टेपेवर २२ होतं.