विसाव्या नंबरचं चित्र

दिवा जरा मोठा करा, मग सांगते.

मी सिगारेटच्या कारखान्यात होते. पाकिटात नटनट्यांची रंगीत चित्रं घालायचं माझं काम. जाहिरातच ती; पण लोक सिगारेटीपेक्षा चित्रांसाठीच पाकिटं घ्यायचे. एका दुपारी मुकादम म्हणाला, "छापखान्यातून विसाव्या नंबरच्या चित्राची नवी गड्डी घेऊन ये." गेले, आणली, दोरी सोडली. ओल्या शाईचा वास आला.

विसाव्या नंबरच्या चित्रावर माझी धाकटी बहीण होती.

ती नाटकात कामं करायची. तीन वर्षांपूर्वी नाटक चालू असतानाच नाहीशी झाली. रंगमंचावर धूर व्हायचा आणि ती फळ्यांमधल्या चोरदरवाजातून तळघरात उतरायची. त्या दिवशी उतरली ती पुन्हा कुणाला दिसलीच नाही. नाटक कंपनी सोडणार असल्याचं तिनं मालकांना सांगितलं होतं. मालक म्हणाले, "कुणाचा तरी हात धरून पळाली." आईनं तेव्हापासून अंथरूण धरलं.

चित्रात ती पाठमोरी बसली होती. पाठ बघूनच ओळखली मी. एकाच ठशाची शंभर चित्रं, सगळी सारखीच हवीत ना? अंगठ्यानं गड्डीची कड भरभर सोडली, आणि... ती हलली. मान वळवली. उठून उभी राहिली. दोन्ही मुठींनी डोक्यावरच्या फळ्या ठोकू लागली.

मी तशीच नाटकगृहाकडे धावले. भर दुपारी आत काळोख, कुबट वास. म्हातारा सुतार एकटाच पडदे बांधत होता.

"काका, तो चोरदरवाजा उघडा."

"तो खिळे ठोकून बंद केलाय. तळघराचं दारही विटांनी बुजवलंय. जुने मालक गेले, तेव्हापासून कुणी हात लावला नाही."

"कुणी ठोकला?"

तो पुन्हा पडद्याच्या गाठी मारू लागला. मी त्याचे पाय धरले. "माझी बहीण आहे हो खाली... उघडा!"

त्यानं हातातली दोरी सोडली. "मीच ठोकला, पोरी. त्याच रात्री. ठोकताना खालून आवाज येत होता... मालक म्हणाले, उंदीर आहेत. आणि मी... ऐकलं त्यांचं."

खिळे कुरकुरत निघाले. मी कंदील घेऊन शिडीनं उतरले. ती कोपऱ्यात होती. टिकल्यांचा झगा आणि त्यात उरलेली हाडं. मी तिला मांडीवर घेतलं. रडूही येईना. एवढ्या जवळ होतीस, बाळा, आणि आम्ही गावोगाव शोधत फिरलो...

मी वर आले तेव्हा सुतारानं दरवाजाची फळी उलटी केली होती. तिच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते, शेकडो. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. बोटाला भुसा लागला. पांढराशुभ्र, ओलसर.

"पोरी," तो कुजबुजला, "लाकूड जुनं आहे... पण हे ओरखडे आजचे आहेत."