ओ द्यायची नाही

पटो न पटो, हे घडलंय. गोविंदाने ते कुणाला हौसेने कधीच सांगितलं नाही.

साल एकोणीसशे एक्कावन्न. डोंबिवलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठचं मिठागरवाल्यांचं गाव.

त्या गावात एक हाक येई.

अमावस्येच्या उधाणाला, दिवेलागणीला, पाणी बांधाला टेकलं की...

"चांगुने... गो चांगुने..."

बाईचा आवाज. कुणाला तरी शोधत बांधाबांधाने फिरणारा.

गावाला सवय होती. ओ द्यायची नाही, दार लावून घ्यायचं, एवढं पोरासोरांनाही पाठ. गावात चांगुणा नावाची एकही बाई नव्हती. मुलीचं ते नाव ठेवायला कुणी धजतच नसे.

गोविंदाची आजी बायजा तर हाक आली की नातवंडांचे कान आपल्या तळव्यांनी दाबून धरायची.

ही बायजा बांधावर सापडलेली. नुकती चालायला लागलेली पोर, उधाण ओसरल्यावर चिखलात बसलेली. एका मिठागरवाल्याने घरी नेली, नाव ठेवलं, वाढवली. ती कुणाची, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांच्यात लग्नघरी धवलारीण गाणं म्हणत घरच्या पितरांना नावाने बोलावते. बायजाच्या माहेरची पाळी आली की धवलारीण खाली बघून पुढचं कडवं घ्यायची. म्हातारीला ते फार लागायचं.

नात तुळसाचं लग्न ठरलं तेव्हा तिने गोविंदाला जवळ बसवलं.

"बाला, या वेलेला तरी माझे आयचं नाव घेऊं दे. मी कोनाची, ता बघ."

गोविंदा सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडला. जुन्या काळी कुणाची लेक खाडीत हरवली होती का, विचारत. लोक हसायचे. शेवटी मोहने गावात त्याला गोदा नावाची म्हातारी भेटली. डोळे गेलेले, आठवण शाबूत.

"माझी चुलती, गंगा," गोदा म्हणाली. "पोरीला घेऊन होडीत बसली. उधान आला, होडी पलटली. दोघी गेल्या म्हनून आमी दोघींचा दहावा केला."

"पोरीचं नाव?"

"चांगुना."

लहानपणापासून, कान दाबलेले असतानाही, हेच नाव गोविंदा ऐकत आला होता.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. बायजा आपल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"जल्मभर ती मना हाका मारते," ती म्हणाली. "आन मी दार लावते."

भाद्रपदातल्या अमावस्येला ती बांधावर जाऊन बसली. गोविंदा कंदील घेऊन मागे उभा.

पाणी चढलं. बेडूक एकाएकी गप्प झाले...

"चांगुने..."

"ओ, आय," बायजा म्हणाली.

हाक थांबली.

पाणीसुद्धा वाजेना.

मग अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून...

"कोन गो तू?"

म्हातारी गांगरली. कुणी विचारलं की जन्मभर जे सांगत आली, तेच तिच्या तोंडून गेलं.

"मी बायजा."

चिखलात पावलं वाजली, लांब जात गेली.

"चांगुने... गो चांगुने..."

"आय, मीच गो ती! मीच चांगुना!" बायजा पाण्याकडे धावली. गोविंदाने तिला कवेत धरून ठेवलं. ती लहान पोरीसारखी रडत होती, आणि हाक खाडीपलीकडे विरत गेली.

ती हाक पुन्हा आली नाही.

तुळसाच्या लग्नात धवलारणीने गंगाचं नाव घेतलं. सगळ्यांच्या माना वळल्या. बायजाने अक्षता टाकल्या आणि दाराकडे बघत राहिली. जेवलीसुद्धा नाही.

त्यानंतर ती दर अमावस्येला बांधावर बसायची. आवाज बारीक करून, पोरीसारखी ओ द्यायची. कुणीही हाक न मारता.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

श्रावणातल्या अमावस्येला गोविंदा दिवेलागणीला दार लावायला उठला. पाणी बांधाला टेकलं होतं. इतक्या महिन्यांनी खाडीकडून हाक आली...

"आय... गो आय..."

आवाज बायजाचा होता.

गोविंदाने दार लावलं नाही. तेव्हापासून कुठल्याच उधाणाला लावलं नाही. पण ओ कुणी द्यायची, हे त्याला अजून कळलेलं नाही.