साडीगार्ड

चूक वैजनाथमामाची. भुताची नंतर.

हे आधी सांगतो, कारण मामा आता आमच्या लातूरच्या गल्लीच्या तोंडाला रात्री शेकोटी पेटवतो आणि हीच गोष्ट बारक्या पोरांना रंगवून सांगतो. "माझ्या वळखीचा एक पोरगा व्हता..." अशी सुरुवात. वळखीचा? सख्खा भाचा आहे त्याचा सुदर्शन. आणि त्या रात्री मामा स्वतः कुठं बसला होता, ते तो कधीच सांगत नाही. मी सांगतो, सुदर्शनचा गल्लीतला दोस्त. कॉलेज सोडलेल्या पोराचं बोलणं कोणी ऐकत नाही, लिहिलेलं तरी वाचतील.

मागच्या येळवसेची रात्र. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी घरादाराला कुलपं लावून सगळा गाव शेतात जातो. ज्याच्या शेतात भज्जी खाल्ली, ताकातली आंबील प्यायली, त्याच्याशी वाकडं बोलायचं नाही, अशी रीत.

सुदर्शनला जुनी बुलेट घ्यायची होती. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, तसली. निलंग्याकडच्या ईश्वरप्पाकडं होती. ईश्वरप्पाचा मुलगा श्रीशैल, आणि त्याला मामा आपली पोरगी मंजुश्री द्यायला निघालेला. म्हणून मामाच मध्यस्थ, आणि मामानंच दिवस येळवसेचा धरला. का, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी गावात चौकशी करायला माणूसच सापडत नाही. मिस्त्रीचं दुकानही बंद.

सुदर्शन पोलीस भरतीची तयारी करत होता, ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, तोंडावर आलेलं. पोरगा पक्का. चेसी नंबर, इंजिन नंबर कागदावर पेन्सिल घासून उतरवला, आरसीशी जुळवला. मोबाईलवर मालकी, चलन, विमा, सगळं बघितलं. सगळं साफ. मग खाली वाकला.

"मामा, साडीगार्ड कुठाय हिचं?"

मागच्या चाकाला डावीकडून लोखंडी जाळी असते, बायकांचा पदर आत जाऊ नये म्हणून. ती नव्हती. बोल्टच्या जागी नवाकोरा काळा रंग.

"तुझं लगीन झालंय का रे? जाळी कुणासाठी लागती तुला?" मामा हसला. ईश्वरप्पा हसला नाही. श्रीशैल उठून उसाकडं चालता झाला.

"तसं न्हाई मामा. काढली का, एवढंच इचारतो."

मामानं त्याचा दंड धरून बाजूला ओढला. "आंबील पिलास ना त्यांची? मग कोर्टावानी काय इचारायलास? सोयऱ्यात माझं नाक कापतो का?"

सुदर्शन गप बसला. मोठ्यांपुढं गप बसायचं, हे एक आम्हाला चांगलं शिकवलंय.

मामा मुक्कामाला शेतातच राहिला. सुदर्शन अंधार पडल्यावर बुलेट घेऊन एकटा निघाला. लांब रानात हेंडग्याचे, पेटत्या पेंढ्यांचे, जाळ फिरत होते, तेही एकेक विझले. हेल्मेटात इअरफोन होता. औशाच्या अलीकडं त्यानं मला फोन लावला.

"बोलत राह्य रे. रस्त्यावर कुत्रं सुदिक न्हाई."

थोडा वेळ गाडीचंच कौतुक. मग एकदम म्हणाला,

"मागं जड लागायलंय."

"टायरात हवा कमी असंल."

"न्हाई... आंबिलाचा वास येतोय. आंबूस. अन् मागं काहीतरी डुचमळतंय. भरलं बिंदगं मांडीवर धरल्यावानी."

मला हसू आलं नाही. त्यानं मामालाही त्याच कॉलवर घेतलं.

"मामा, ह्या गाडीवर मागं कोण बसायचं?"

मामाकडं शेकोटी तडतडत होती. ईश्वरप्पाचा आवाज आला, "कुणाचा फोन?"

"कुणाचा न्हाई. पोरगं हाय."

"मामा... कोण बसायचं?"

...

"मामा, बोल ना!" मी ओरडलो.

...

"डाव्या पायाला काहीतरी गुंडाळतंय," सुदर्शन म्हणाला. "कापड हाय. ब्रेक दाबता येईना."

"हाताचा दाब!"

"दाबला... उतार हाय..."

मामानं फोन कापला. सोयरे शेजारी बसले होते ना.

आता कॉलवर आम्ही दोघंच. मी लातुरात, खाटेवर. काय करणार होतो मी?

मग बाईचा आवाज आला. अगदी जवळून. रागानं नाही. दमलेली.

"जरा हळू घ्या की ओ..."

नंतर लोखंड घासल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

त्याच्या आदल्या वर्षीच्या येळवसेला श्रीशैलची बायको सुकन्या ह्याच गाडीवर मागं बसून शेतात निघाली होती. मांडीवर आंबिलाचं बिंदगं, भरलेलं मडकं, दोन्ही हात त्यालाच. पदर कोण धरणार? तो मागच्या चाकात गेला. जाळी श्रीशैलनं काढून टाकली होती, शायनिंगसाठी. हे सगळं मामाला ठाऊक होतं. तो तिच्या मातीला गेला होता.

सुदर्शनच्या अपघातानंतर मिस्त्रीनं बुलेटच्या मागच्या चाकातून हिरव्या इरकल साडीची लांब चिंधी कापून काढली. ओली, आंबूस वासाची. श्रीशैल बघायला आला. चिंधी बघून खालीच बसला.

"तिला पुरताना, समाधीत बसवताना ही नेसवलती," म्हणाला. "मीच नेसवलती."

मामा शेजारी उभा होता. तेव्हाही गप.

ग्राउंड पुढच्या सोमवारी होतं. सुदर्शनचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.