उलट्या गल्लीतली मिठी

मुलांनो, अशी एक गल्ली डोळ्यांसमोर आणा, जिथे सांडलेला राजमा उड्या मारत पोत्यात परत जातो आणि फुटलेलं अंडं हवेत उडून पुन्हा अख्खं होतं...

इवेलिसेच्या डोक्यात ती गल्ली होती. ती गाण्यांचे व्हिडिओ करायची. निर्मात्याला हवे असायचे पोहण्याचे तलाव आणि चकचकीत गाड्या. हिला हवी होती सांतो दोमिंगो शहरातली ही चढाची गल्ली आणि तिथली माणसं, सगळी उलटी चालणारी! नंतर चित्रही उलटं फिरवायचं. म्हणजे माणसं सरळ, बाकी सगळी जादू.

निर्मात्याने बजावलं होतं, "एकच संध्याकाळ देतो. नाही जमलं, तर पुन्हा तलाव."

म्हणून ती स्वतःच उलटी चालून बघत होती... आणि धाडकन एलिहियोवर आदळली. एलिहियो कोपऱ्यावरचा दुकानदार. हातात तीस अंडी. होती, म्हणजे.

"मॅडम, पाठीला डोळे लावायला विसरलात का?"

"माफ करा! पडद्यावर सगळी जोडून देते."

"आणि ऑम्लेट? तेही पडद्यावरच खायचं?"

ती हसली. तोही हसला, शर्टावरून बलक ओघळत असताना.

आठवडाभर सगळी गल्ली उलटं चालायला शिकली. डॉमिनो खेळणारे म्हातारेसुद्धा. एलिहियो रोज तिला कॉफी द्यायचा.

"साखर किती?"

"रोज काय विचारता?"

"रोज उत्तर मिळतं म्हणून..."

त्याची सात वर्षांची भाची यानेली सगळ्यांत तरबेज. "मामा, तू बदकासारखा चालतोस," ती म्हणायची.

चित्रीकरणाच्या संध्याकाळी सगळं झकास चाललं होतं, तेवढ्यात लाईट गेली. गाणं बंद पडलं. कॅमेरा बॅटरीवर होता. लोक मनातल्या मनात ठेका धरून चालत राहिले. इवेलिसेने श्वास रोखला... आणि लाईट आली.

आता इथे लाईट आली की सगळी वस्ती एका सुरात ओरडते, "लाईट आली!" आणि जवळ असेल त्याच्या गळ्यात पडते. सवयच ती! इवेलिसेही कॅमेऱ्यामागून उडी मारून पुढे आली आणि एलिहियोने धावत येऊन तिला मिठी मारली.

चित्र उलटं फिरवून पाहिलं. जल्लोष मस्त दिसत होता. पण एलिहियो? तो तिला मिठीतून सोडून मागच्या मागे पळत होता!

"पळपुटा!" म्हातारे खिदळले.

"अहो, मी आलो होतो! गेलो नव्हतो!"

इवेलिसे गोरीमोरी झाली. "दहा मिनिटं उजेड आहे. पुन्हा घेऊ. या वेळी आधी मिठी... मग तुम्ही मागे मागे जायचं. म्हणजे पडद्यावर माझ्याकडे याल."

"फक्त पडद्यावर?"

"आधी... आधी शॉट!"

कॅमेरा सुरू झाला. गल्ली उलटी चालू लागली. मिठीतला एलिहियो मात्र हलेना.

"सोडा ना! सूर्य चाललाय!"

"आत्ता तर कुठे धरलंय."

"अहो, शॉट गेला तर मी पुन्हा त्या तलावांवर!"

"मग सांग... गाणं झाल्यावरही येशील कॉफीला? रोज?"

"येईन रे बाबा! रोज येईन! आता जा!"

हे ऐकल्यावर तर त्याचे पाय जमिनीला चिकटलेच.

तेव्हा यानेलीने हातातला आंबा खाली ठेवला, मामाचा शर्ट मागून दोन्ही मुठींत धरला आणि एकेक उलटं पाऊल टाकत त्याला पार दुकानाच्या दारापर्यंत ओढत नेलं. पडद्यावर ती अजून दिसते, मामाला मागून ढकलत ढकलत थेट इवेलिसेच्या मिठीत पोचवणारी. आणि पोचवून झाल्यावर ती खालचा आंबा उचलते.